मधमाश्यांसाठीचा कागद

झीनस व्हीलॉकला मी पहिल्यांदा पाहिलं ते हप्त्याहप्त्यानं. अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिणेच्या यादवीचं दुसरं वर्ष, अठराशे बासष्टचा ऑगस्ट. ब्रॅटलबरोच्या छावणीत मी तंबूत आडवा झालो होतो, तेवढ्यात दारातून एक बूट आत आला. त्या बुटात आमच्या चर्चमधली निम्मी मंडळी रविवारी ऐसपैस बसली असती. बुटामागून नडगी आली. ती येतच राहिली. मी शिदोरी काढून खाल्ली, भावाला पत्र लिहिलं, एक डुलकी काढली, आणि जागा झालो तेव्हा गुडघा नुकताच आत येत होता. उन्हं उतरता उतरता खांदे पोचले. डोकं यायचं बाकी होतं, तर हजेरीचा बिगुल झाला, आणि ते सगळं सामान पुन्हा होतं तसं बाहेर काढावं लागलं.

यात थोडी अतिशयोक्ती आहे हे मी कबूल करतो. थोडीच. सरकारनं तो तंबू चार माणसांसाठी शिवला होता. झीनस आल्यावर त्यात आम्ही दोघंच मावलो. बाकीचे दोघे स्वखुशीनं तोफखान्यात गेले.

पुढचे तीन दिवस हा माणूस एक शब्द बोलला नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं, बहिरा आहे. दुसऱ्या दिवशी वाटलं, कर्नलनं माझ्यावर नजर ठेवायला पाठवलेला आहे. तिसऱ्या दिवशी मी त्याला माझं सगळं आयुष्य सांगून टाकलं: मी पर्ली शॅटक, जिल्ह्याच्या वर्तमानपत्राच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा, जागा रिकामी राहिली की बातम्याही जुळवणारा. ऐकणारा असा परत मिळत नाही. चौथ्या दिवशी जेवताना त्याच्या चमच्यातल्या काकवीवर एक मधमाशी येऊन बसली. मी टोपी उगारली. त्यानं दोन बोटांनी माझं मनगट धरलं. पावसाळी हवेत ते मनगट अजून दुखतं.

"राहू दे," झीनस म्हणाला. "ती कामावर आहे. आपण नाही."

मग त्या माशीकडे वळून, पाहुण्याला सांगावं तसं त्यानं सांगितलं, की आम्ही अजून ब्रॅटलबरोलाच आहोत, पुढच्या आठवड्यात दक्षिणेला निघू. माशी उडून गेली. तो पुन्हा जेवायला लागला. त्या महिन्यात तो एवढंच बोलला.

तो हॅच हॉलोचा. माझ्या गावापासून बारा मैलांवर, डोंगराच्या घळीत ते खेडं आहे. तिथे माणसांपेक्षा मेपलची झाडं जास्त, आणि बोलण्याच्या बाबतीत दोन्ही सारखीच. झाडं निदान वसंतात तरी गोड रस पाझरतात.

तिकडे काय, आणि आमच्याकडे काय, घरात काही घडलं की ते मधमाश्यांना सांगावं लागतं. जन्म, लग्न, मरण, कुणी लांबच्या गावी गेलं तर तेही. घराची किल्ली घ्यायची, पेटीवर तीनदा टकटक करायची आणि हलक्या आवाजात बातमी सांगायची. लग्न असलं तर केकचा तुकडा पेटीच्या दाराशी ठेवायचा. मालक मेला तर काळी फीत बांधायची आणि नवा मालक कोण तेही सांगायचं. नाही सांगितलं तर त्या रुसतात, पेटी सोडून जातात, नाहीतर आतल्या आत मरतात. माझी आई शिकलेली होती, या प्रकाराला ती मनसोक्त हसायची. माझे वडील गेले तेव्हा डॉक्टर घरातून बाहेर पडायच्या आत ती किल्ली घेऊन परसात होती.

झीनसच्या अकरा पेट्या होत्या. माणूस मात्र एकही नव्हतं. आई दोन वर्षांपूर्वी गेलेली, भाऊबहीण नाही, वय अडतीस. भरतीला निघताना त्यानं घराची किल्ली समोरच्या मिसेस लोव्हिना प्रॅटकडे दिली. तिचा नवरा झाड तोडताना त्याच झाडाखाली सापडून गेला होता. रस्त्याच्या एका बाजूला हा, दुसऱ्या बाजूला ती. पंधरा वर्षांचा शेजार, आणि अजून 'मिस्टर व्हीलॉक', 'मिसेस प्रॅट'. त्या पंधरा वर्षांत दोघं एकमेकांशी जे काही बोलले असतील, ते सगळं मी एका भेटकार्डावर ठळक टायपात छापून दिलं असतं, आणि वर फुलाची नक्षी टाकायला जागा उरली असती.

आता पत्राचं सांगतो. हॅच हॉलोत टपाल यायचं ते ओबेद किंबॉलच्या दुकानात. सैनिकाचं पत्र आलं की ते कुणाच्या नावावर आहे हा तपशील गौण. ते गावाचं. ओबेद बिस्किटांच्या पिंपाला टेकून ते मोठ्यानं वाचायचा. ज्याच्या नावावर पत्र असेल त्याला खिळ्यांच्या पिंपावर बसायचा मान मिळायचा. त्यामुळे आमच्या कंपनीतली पोरं घरी पत्र लिहायला बसली की कोटाची वरपर्यंत बटणं लावून बसल्यासारखी लिहीत. बायकोला लिहिलेल्या पत्रात हवा, पाणी आणि कॅप्टनची तब्येत यापलीकडे काही नसे. झीनसचं पत्र मिसेस प्रॅटच्या नावावर जायचं, आणि मजकूर तर असा:

"मी बरा आहे. तुम्ही बरे असाल. चिखल आहे. गेल्या रविवारपेक्षा जास्त आहे. कॅप्टन बरे आहेत. डीकनना सांगा, त्यांनी दिलेलं बायबल कोरडं आहे. झी. व्हीलॉक."

मला नंतर समजलं की एवढ्यावर ओबेद पंधरा मिनिटं काढायचा. चिखलापाशी थांबून तो सगळ्यांकडे बघायचा, आणि म्हातारे माना डोलवायचे.

पण झीनसच्या लिफाफ्यात दुसरा एक कागद असायचा. वेगळी घडी घातलेला, वर लिहिलेलं: मधमाश्यांसाठी. ओबेद किंबॉल हा माणूस शेजाऱ्याच्या चिमणीतून निघणारा धूरसुद्धा वाचून दाखवणारा. पण या कागदाला तो बोट लावत नसे. मधमाश्यांची बातमी मधमाश्यांची. मिसेस प्रॅट तो कागद एप्रनच्या खिशात घालायची, घरी जायची, किल्ली घेऊन रस्ता ओलांडायची आणि पेट्यांसमोर उभी राहून एकटी वाचायची.

मी त्यातला पहिला कागद वाचला तो चोरून. ते वर्ष संपत आलं होतं. रॅपहॅनक नदीकाठी हिवाळी छावणी पडली होती. आम्ही ओंडक्यांची खोपटी बांधून वर तंबूचं कापड ताणलं होतं आणि मटणाच्या रिकाम्या पिंपाचं धुराडं केलं होतं. ते धुराडं आठवड्यातून दोनदा पेट घ्यायचं, आणि थंडीत खऱ्या अर्थानं ऊब मिळायची ती तेव्हाच. झीनस पाणी आणायला गेला होता. कागद शाई वाळायला ठेवलेला. त्यावर लिहिलं होतं:

"तुम्हाला सांगायचं ते असं. इथे फुलं नाहीत. काल रस्त्यात मेलेला घोडा पाहिला. त्याच्या खोगिरात एक हातमोजा अडकला होता, लोकरीचा, घरी विणलेला. एकच. दुसरा कुणाच्या हातात असेल हे दिवसभर मनातून जात नाही. माझ्याजवळ झोपणारा पर्ली चांगला माणूस आहे. तो फार बोलतो. तो बोलत असला की मला जास्त एकटं वाटतं, पण तो गप्प झाला तर वाईट वाटेल. तुम्ही हिवाळ्यात एकमेकींना धरून राहता. मधल्या बाहेर येतात, बाहेरच्या आत जातात. इथे आम्ही लाखभर माणसं आहोत, आणि जो बाहेर आहे तो बाहेरच राहतो."

मी अर्धा तास बोललो नाही. कंपनीत घबराट झाली. डॉक्टर येऊन माझी जीभ बघून गेले.

मिसेस प्रॅटची उत्तरं यायची. पाच ओळी, जास्त नाही. "प्रिय मिस्टर व्हीलॉक, दोन्ही कागद पोचले. पहिला दुकानात वाचला, दुसरा त्यांना. बर्फ तीन फूट. त्या आत आहेत, आवाज बरा येतो. गाय व्याली. मिसेस एल. प्रॅट." मी म्हटलं, अरे, यापेक्षा आमच्या छापखान्याची जाहिरात हळवी असते. झीनसनं पत्राची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली.

"आवाज येतो म्हणते," तो म्हणाला.

"मग?"

"हिवाळ्यात लांबून येत नाही. पेटीला कान लावावा लागतो." मग तो पुढे म्हणाला, "कान लावायचा तर टोपी काढावी लागते. तीन फूट बर्फात."

आता मला सांगा, माणसाचं मन कशावर जगतं? माझ्या ओळखीचे लोक सोनेरी केसांच्या बटा आणि अत्तर लावलेले रुमाल जवळ बाळगत. झीनस व्हीलॉक एका बाईच्या उघड्या कानावर तो अख्खा हिवाळा जगला. फेब्रुवारीत तिच्या पत्रात सहावी ओळ आली: "रविवारी वारा फार होता, म्हणून दुसरा कागद दोनदा वाचला." ते पत्र तो सदऱ्याच्या आत ठेवायला लागला. गोवर आला, आमच्या रांगेतले नऊजण गेले, झीनसही आठ दिवस फणफणला, पण ते पत्र त्यानं काढू दिलं नाही. डॉक्टर म्हणाले, कागद आहे, राहू द्या, औषधांपेक्षा बरा.

इथे मी लुडबुड केली. ती माझी जन्मजात आवड आहे. मी त्याला म्हटलं, तू तिला विचार.

"काय?"

"लग्नाचं, ठोंब्या."

तो नऊ दिवस विचार करत होता. दहाव्या दिवशी, लाकडं फोडता फोडता, जणू मी आत्ताच बोललो होतो अशा थाटात त्यानं उत्तर दिलं. "ओबेद मोठ्यानं वाचेल."

"मग दुसऱ्या कागदावर लिही."

"तो त्यांचा आहे."

"मग त्यांनाच विचार की."

त्याची कुऱ्हाड वरच्या वर थांबली. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्रेसष्टच्या एप्रिलच्या शेवटी त्यानं तो कागद लिहिला. मला दाखवलाही, म्हणजे माझ्या बाजूला तोंड करून वाळत ठेवला.

"तुम्हाला एक विचारायचं आहे. युद्ध संपलं की तुमच्या दाराशी केकचा तुकडा ठेवावा असं माझ्या मनात आहे. ज्यांच्या हातात किल्ली आहे त्यांची हरकत नसेल तर. हरकत असेल तर काही कळवायला नको. पेट्यांची तोंडं मात्र मे लागताच मोकळी करावीत."

मी म्हटलं, यात प्रेमाचा एक शब्द घाल. तो म्हणाला, आहे की. मी पुन्हा वाचलं. मला काही तो सापडला नाही.

पत्र गेलं, आणि चार दिवसांनी आम्ही नदी ओलांडली. लढाईचं वर्णन मी करणार नाही. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांनी ती खूप लिहून ठेवली आहे. टेकडीच्या चढावर एक फळ्यांचं कुंपण होतं. तोफेचा गोळा त्या कुंपणावर पडला, आणि माझ्यापासून वीस हातांवर झीनस एखादं गोठ्याचं छप्पर उडावं तसा वर गेला आणि खाली आला. मी तिकडे जायच्या आत आम्हाला मागे रेटलं. हजेरीला त्याचं नाव दोनदा पुकारलं. तो तसाही पहिल्या हाकेला ओ देत नसे, म्हणून मी सार्जंटला तिसऱ्यांदा पुकारायला लावलं.

आमच्यात एक रीत होती. माणूस पडला की सरकार काही कळवत बसत नसे. बरोबरच्या सोबत्यानं घरी पत्र लिहायचं. घरच्यांना तीन गोष्टी हव्या असतात: त्रास झाला का, देवाचं नाव घेतलं का, आणि शेवटी काय म्हणाला. कंपनीत ही पत्रं माझ्याकडे यायची. तोवर मी अशी अकरा लिहिली होती, आणि सांगायला लाज वाटते, पण हात बसला होता. माझ्या पत्रात कुणी ओरडत, शिव्या देत, पोट धरून मेला नाही. सगळे मावळतीकडे तोंड करून मेले.

झीनसचं पत्र लिहिताना मला रडू येत होतं, आणि रडू आलं की माझी लेखणी फार चांगली चालते. जिवंतपणी नऊ महिन्यांत जो माणूस चाळीस वाक्यं बोलला, त्याला मी मरताना दीड परिच्छेद बोलायला लावलं. त्याचं डोकं माझ्या मांडीवर दिलं. त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं, तरी सूर्यास्त दिला. आणि शेवटचा शब्द म्हणून एक नाव दिलं: लोव्हिना. मला वाटलं, तिला एवढं तरी मिळावं.

त्याला मेलेला पाहिला होता का, असं मला कुणी विचारलं नाही. मी त्याला पडताना पाहिलं होतं. पडलेला म्हणजे मेलेला हा तेव्हाचा हिशोब, आणि बहुतेक वेळा तो बरोबर निघायचा.

ओबेदनं ते पत्र दोनदा वाचलं. बायका रडल्या, डीकननी पुढच्या रविवारी त्यावर आयुष्यातलं सर्वात उत्तम प्रवचन दिलं, आणि आमच्या मालकांनी ते जसंच्या तसं वर्तमानपत्रात छापलं. मिसेस प्रॅट खिळ्यांच्या पिंपावर बसली नाही. उभ्यानं ऐकलं आणि घरी गेली. आपल्या जुन्या शोकाच्या पोशाखाची काठाची पट्टी तिनं फाडली, तिचे अकरा तुकडे केले, किल्ली घेतली आणि रस्ता ओलांडला. प्रत्येक पेटीला फीत बांधून तीनदा टकटक केलं आणि सांगितलं, तुमचा मालक गेला, आता मी तुमची मालकीण, जाऊ नका. माश्यांनी आतून आवाज दिला. त्या राहिल्या.

हे मला पुढे कळलं. छावणीत मला मिळालं ते दुसरंच. माझं पत्र गेल्यावर आठवड्याभरानं झीनसच्या नावानं तिचं पाकीट आलं. मी तारीख पाहिली. माझं पत्र पोचायच्या आधी ती ते टाकून बसली होती. हे केकचं उत्तर होतं. आणि ते जाड होतं. पाच ओळींची बाई, आणि पाकिटात तीन-चार कागद तरी असावेत.

मेलेल्या माणसाचं पत्र न उघडता परत पाठवायचं, हा फौजेचाही नियम आणि भल्या माणसांचाही. मी जन्मभर लोकांची पत्रं खांद्यावरून वाचली आहेत, खिडकीतून वाचली आहेत, उलटी धरून उजेडात वाचली आहेत. सचोटीनं वागायला मी नेमका तोच दिवस निवडला. पाकिटावर कारण लिहिलं आणि परत केलं.

जूनच्या मध्यावर मला अॅनापोलिसहून चिठ्ठी आली. "पर्ली, मी मेलेलो नाही. माझं ब्लँकेट कुणाला देऊ नको. झी. व्हीलॉक." ब्लँकेट मी फाडून दोघांना अर्धं अर्धं दिलं होतं.

झालं होतं असं, की तो वर गेला तो खाली येताना खंदकात पडला. डोक्याला खोक पडली, शुद्ध गेली. बंडखोर दक्षिणवाल्यांनी उचलून त्याला त्यांच्या राजधानीत, रिचमंडला, कैदेत नेलं. तिथे याच्या जेवणाचा अंदाज आल्यावर, मला वाटतं, त्यांनी दोन आठवड्यांतच त्याला घाईघाईनं कैद्यांच्या अदलाबदलीत अॅनापोलिसला परत केलं. अॅनापोलिसहूनच त्यानं गावीही कळवलं: मी बरा आहे, तुम्ही बरे असाल.

हॅच हॉलोला आनंद झाला. थोडी पंचाईतही झाली, कारण एवढं चांगलं प्रवचन आता पुन्हा कुणासाठी देणार? पण खरी पंचाईत मधमाश्यांची होती. ओबेदच्या दुकानात त्यावर तीन शनिवार खल झाला. मालक मेला हे सांगायची रीत होती, शब्द होते. मेलेला मालक मेलेला नाही, हे सांगायची रीत कुणालाच ठाऊक नव्हती. तशी वेळच कुणावर आली नव्हती. एक म्हणाला, फिती सोडा म्हणजे झालं. दुसरा म्हणाला, फीत सोडली म्हणजे दुखवटा संपला, माणूस परत आला असं थोडंच? सर्वात म्हाताऱ्यानं सांगितलं की एकदा फसवलेल्या माश्या पुढे खरंही ऐकत नाहीत. आणि त्यांना नवी मालकीण सांगून झालेली, तिला त्यांनी मान्य केलेलं. मिसेस प्रॅट कोपऱ्यात उभी राहून ऐकत होती. झीनसला तिचं पत्र गेलं:

"प्रिय मिस्टर व्हीलॉक, तुम्ही जिवंत आहात याचा गावाला आनंद आहे. त्यांना मी अजून सांगितलेलं नाही. ते कसं सांगतात हे कुणाला माहीत नाही. त्या आता माझ्या झाल्या आहेत आणि नीट आहेत. मिसेस एल. प्रॅट."

तो शरदात आमच्याकडे परत आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. सूर्यास्त सांगितला, दीड परिच्छेद सांगितला, परत केलेलं पाकीटही सांगितलं. मला वाटलं, आता हा मला दोन बोटांनी उचलून नदीत टाकणार. तो ऐकत राहिला.

"शेवटी मी काय म्हणालो?" त्यानं विचारलं.

"तिचं नाव."

त्यानं विस्तवात एक लाकूड सारलं. "तसं म्हणायला हवं होतं," तो म्हणाला. "तेव्हा सुचलं नाही."

त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं युद्ध चाललं, आणि त्या दोन वर्षांत त्याच्या लिफाफ्यात एकच कागद असायचा. चिखल, कॅप्टन, बायबल. दर रविवारी तो दोन कागद घेऊन बसायचा. पहिला लिहून व्हायचा. दुसरा गुडघ्यावर ठेवून तो त्याच्याकडे बघत राहायचा, मग तो कोराच परत पिशवीत जायचा. मधमाश्या आता त्याच्या नव्हत्या. दुसऱ्याच्या मधमाश्यांना पत्र लिहिण्याइतका तो उर्मट नव्हता. मी म्हटलं, अरे, सरळ तिलाच लिही, 'प्रिय लोव्हिना' म्हणून सुरुवात कर. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला विजार काढून संचलनाला जायला सांगत होतो.

"सरळ मला येत नाही," तो म्हणाला.

त्या दोन वर्षांत मी त्याच्याशी पूर्वीच्या दुप्पट बोललो. त्याचा परिणाम काय होतो हे मला त्याच्याच कागदावरून ठाऊक होतं. तरी बोललो. गप्प राहिलो असतो तर त्याला वाईट वाटलं असतं.

पासष्टच्या जुलैत आम्ही सुटून घरी आलो. मी माझ्या गावी न उतरता त्याच्याबरोबर हॅच हॉलोला गेलो. कारण विचाराल तर, घोळ माझा होता. गावानं जेवण दिलं. डीकन झीनसशी हात मिळवताना किंचित रागावल्यासारखे वाटले. मग आम्ही घराकडे चालत गेलो. रस्त्याच्या कडेला रचलेल्या दगडांचा गडगा होता, त्याच्याआड मी उभा राहिलो, आणि झीनस एकटा पेट्यांकडे गेला.

ती तिथेच होती, डोकं उघडं. फिती अजून पेट्यांना बांधलेल्या होत्या, उन्हापावसानं चहाच्या रंगाच्या झालेल्या. झीनस एका पेटीपाशी वाकला, टोपी काढली, कान लावला.

"आवाज बरा येतो," तो म्हणाला.

"अकराच्या चौदा झाल्या, मिस्टर व्हीलॉक."

मग दोघं गप्प. तीन वर्षं तोफा ऐकलेला माणूस मी, पण तेवढी शांतता मला सोसवेना. गडग्याआडून मी हळूच म्हटलं, पेट्यांना सांग. त्यानं वळून पाहिलं.

"त्या माझ्या नाहीत, पर्ली," तो म्हणाला.

मिसेस प्रॅटनं किल्ली या हातातून त्या हातात घेतली. "मला एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "मिस्टर शॅटकनी लिहिलं होतं, शेवटी तुम्ही माझं नाव घेतलंत. घेतलं होतंत का?"

मी गडग्याआडून इतक्या जोरात मान हलवली की माझी टोपी पडली. एक शब्द. सगळ्या देशानं चार वर्षं एकमेकांना हव्या तेवढ्या थापा मारल्या होत्या. या माणसाला फक्त एक मारायची होती, तीसुद्धा मी तयार करून ठेवलेली.

"नाही," झीनस म्हणाला. "मी खड्ड्यात पडलो. तोंडात चिखल होता."

तिनं मान डोलवली. जशी दुकानात म्हातारे चिखलापाशी डोलवत तशी.

"तुमचं एक पत्र परत आलं होतं," तो म्हणाला. "त्यात काय होतं?"

"आहे घरात. तसंच, बंद." तिनं किल्ली एप्रनच्या खिशात टाकली. "पण मग आता तेही राहू दे."

आणि तो म्हणाला, बरं.

मी त्याला वाटेत काय काय म्हटलं ते इथे छापता येणार नाही. मी खिळे जुळवणारा आहे, कुठले शब्द जुळवत नाहीत हे मला माहीत आहे. तो नेहमीप्रमाणे ऐकत राहिला. घराशी आल्यावर त्यानं दाराकडे पाहिलं, आणि मग आमच्या लक्षात आलं की किल्ली तिच्याकडेच आहे. ती मागायला तो परत गेला नाही. खिडकीतून आत शिरला. ते बघायला मला पुन्हा सगळी दुपार थांबावं लागलं.

तो त्याच घरात सोळा वर्षं राहिला. पुन्हा मधमाश्या पाळल्या नाहीत. वसंतात मेपलची साखर करायचा, एरवी टोपल्या विणायचा. दर ऑक्टोबरला ती मधाची एक बरणी त्याच्या पायरीवर ठेवायची, आणि दर मार्चमध्ये तो ती धुऊन तिच्या पायरीवर ठेवायचा. मी वर्षातून दोनदा जायचो आणि दोघांच्या वाटणीचं बोलून यायचो. एकदा मी तिच्याकडे त्या पाकिटाचा विषय काढला. तिनं मला दुसऱ्यांदा चहा विचारला नाही.

एक्याऐंशीच्या मार्चमध्ये झीनस न्यूमोनियानं गेला. चार दिवस अंथरुणात होता, त्यातले दोन दिवस मी जवळ होतो. काही बोलला नाही. त्याचं मागेपुढे कुणी नव्हतं, म्हणून मीच सगळं आटोपून समोरच्या घरी गेलो. किल्ली दाराजवळच्या खुंटीला होती. मी म्हटलं, मधमाश्यांना सांगायला हवं.

मिसेस प्रॅट म्हणाली, त्यांना त्रेसष्ट सालीच सांगून झालंय.